कोबीच्या पानातले रस्ते

उत्कर्षा मूळची यवतमाळची. नोकरी हिंजवडीत, राहायला खडकीत रंगरावांच्या माडीवरची खोली. सुट्टीला ती पानं, शिंपले, झाडांच्या साली यांचे अगदी जवळून कृष्णधवल फोटो काढायची आणि खोलीतल्याच प्रिंटरवर छापून भिंतीवर लावायची.

रंगराव दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका शनिवारी ती बाजारातून आली तेव्हा ते तिच्या खोलीत उभे होते. हातात भिंतीवरून काढलेला फोटो.

“नळ गळतोय का बघायला आलो होतो,” ते म्हणाले. “हे काय आहे?”

“कोबीचं पान, काका.”

“कोबी मी पाहिलाय.” त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “हा मोठा रस्ता. हे त्याचे फाटे. ही आमच्या कारखान्याची भिंत. वरून काढलाय. ड्रोन आहे का तुमच्याकडे?”

तिला हसू आलं होतं, ते त्यांचा चेहरा बघून विरलं. “नाही हो.”

“मग तो कोबी दाखवा.”

“त्याची भाजी केली.”

“सोयीचं आहे.”

तिने पिशवीतला नवा कोबी काढला, एक पान त्यांच्यासमोर खिडकीत धरून फोटो घेतला आणि छापला. रंगरावांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

“रस्ते जुळत नाहीत.”

“प्रत्येक पान वेगळं असतं.”

“ते पोलीस चौकीत सांगा. मी हे घेऊन निघालोय.”

उत्कर्षा दारात आडवी उभी राहिली. लष्करी भागात असली तक्रार गेली, तर नोकरीचं काय आणि घरी काय सांगायचं?

“थांबा काका. हात दाखवा.”

त्यांनी नाइलाजाने डावा हात पुढे केला. तिने तळव्याचा फोटो काढून छापला. रंगराव त्यातही रस्ते शोधू लागले. एका पांढऱ्या डागाशी त्यांचं बोट थांबलं. कारखान्यात भाजल्याचा तो जुना व्रण. त्यांनी हाताकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

“हा माझा हात?”

“हो.”

कोबीचे दोन्ही फोटो त्यांनी टेबलावर ठेवले.

“राहा. पण काम करताना दार उघडं ठेवायचं.”

“ठेवीन.”

हाताचा फोटो घेऊन ते खाली गेले. उत्कर्षाने लगेच दार लावून घेतलं. आपण घरात नसताना ते किती वेळा आले असतील, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने नवं कुलूप आणलं. त्याची दुसरी किल्ली रंगरावांना दिली नाही.