गाळलेलं पाणी

पोस्टमनने पाण्याचा पेला तिसऱ्यांदा खिडकीच्या उजेडात धरला. पाण्यावर तेलाचा तवंग रंग बदलत फिरत होता.

"हे बघा मॅडम. हे प्यायचं आम्ही?"

कंपनीच्या तक्रार विभागातून आलेल्या मुलीने अर्जाचं पान उलटलं.

"काका, आजचं दिसतंच आहे. मला आधीचं हवंय. तेलविहिरी खणण्यापूर्वी तुमच्या आडाच्या पाण्यावर तवंग यायचा? 'नाही' असेल तर गल्लीला नळ मिळेल. 'होय' असेल तर तो जमिनीचाच दोष, कंपनीचा संबंध नाही."

"नाही. आरशासारखं पाणी होतं."

या कागदासाठी त्याने दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. ज्या गावात चाळीस वर्षं डोळे झाकून टपाल वाटलं, तिथे त्याला आता पत्ते विचारत हिंडावं लागत होतं. शिंप्याच्या घरावरून पाइप गेला, शाळेच्या मैदानात टाक्या बसल्या, रस्त्यांची नावं जाऊन आकडे आले. उरली ही सात घरांची गल्ली आणि हा आड.

"आणखी एका जुन्या माणसाची साक्ष लागेल," मुलगी म्हणाली.

गल्लीत तसं माणूस एकच उरलं होतं. त्याची थोरली बहीण, अक्का, स्वयंपाकघराच्या दाराशी वाटाणे सोलत बसली होती. सकाळी दोघांचं चांगलंच वाजलं होतं.

"एक शब्द, अक्का. फक्त 'नाही' म्हण."

"आई पाणी गाळायची, विसरलास? मी खोटं बोलायची नाही."

"तुझ्या खरेपणाने कुणाची तहान भागणार आहे?"

त्यावर ती वाटाण्यांची टोपली ओढून पाठ फिरवून बसली होती, आणि ते त्याला अधिकच झोंबलं होतं.

"आजी," मुलीने विचारलं, "पूर्वी तवंग यायचा का हो?"

पोस्टमनने दातांवर दात दाबले.

अक्काचे हात थांबले. "नाही," ती म्हणाली. "स्वच्छ होतं."

मुलगी लिहू लागली. पोस्टमनने वळून पाहिलं. अक्का एक रिकामं साल पुन्हा पुन्हा सोलत होती. मान वर करत नव्हती.

आई घागरीच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधायची. ते तेलाने चिकट झालं की वाळवून चुलीत टाकायचं. भप्पकन जाळ उठायचा. कुणी टाकायचं यावरून भांडण व्हायचं, आणि अक्का आपली पाळी त्याला देऊन टाकायची.

"थांबा मॅडम." त्याने अर्जावर हात ठेवला. "खोडा ते. तवंग यायचा. थोडासा. फडक्याने निघायचा. आताचा कशानेच निघत नाही, तेही लिहा."

"'थोडासा' लिहायला जागाच नाहीये काका. होय किंवा नाही."

"एवढ्या मोठ्या कंपनीकडे एका ओळीची जागा नाही?"

मुलीने खांदे पाडले. "होय लिहू? मग नळाचं राहिलं."

त्याने पेला खाली आपटला. पाणी अर्जाच्या कडेवर उडालं.

"लिहा."

मुलगी गेली. अक्काने सालं पदरात गोळा केली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

"उभ्या जन्मात एकदा खोटं बोलले, मेल्या," ती म्हणाली, "तेही वाया घालवलंस."