रक्ताला घाम म्हणणारे लोक

पंप, लिफ्ट आणि कापड रंगवायची यंत्रं, एवढ्यावर भाषांतरकार बाईंचं आयुष्य चाललं होतं. जर्मन पुस्तिका इंग्रजीत करायच्या आणि शुक्रवारी एजन्सीला पाठवायच्या. यंत्रांची भाषा बाईंना आवडायची. झडप म्हणजे झडप. ती टोमणे मारत नाही आणि रुसूनही बसत नाही. साठीला टेकलेल्या बाई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेली वाक्यं एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा उरायचा. त्यातलीही दोन खालच्या दुकानदाराच्या वाट्याला जायची.

अशा बाईंकडे एजन्सीने एकदा शिकारी कुत्र्यांना शिकवण्याचं पुस्तक पाठवलं. एकशे चाळीस पानं, शेवटी दोनशे शब्दांची यादी. बाईंनी जन्मात कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. पण शब्दकोश हाताशी असताना घाबरायचं कशाला, असं म्हणून त्यांनी पहिलं प्रकरण धडाधड उरकून पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी एजन्सीच्या मॅनेजरचा फोन आला.

"बाई, ग्राहक हसून हसून बेजार झालाय. तुम्ही लिहिलंय, कुत्र्याने जखमी हरणाच्या घामाचा माग काढावा."

"मुळात घामच आहे. श्वाइस म्हणजे घाम. लहान पोरही सांगेल."

"ते शिकारी लोक रक्ताला घाम म्हणतात म्हणे. असे आणखी चाळीसेक शब्द आहेत. कुणीतरी जाणकार गाठा, नाहीतर मला हे काम दुसरीकडे द्यावं लागेल."

बाईंच्या ओळखीत असा जाणकार एकच होता. त्यांचा सख्खा थोरला भाऊ.

दादा बाविसाव्या वर्षी घर सोडून परदेशात गेला, तो थेट शिकारी कुत्री तयार करणाऱ्या एका जर्मन उस्तादाकडे. त्याच्या पत्रांत निम्मे शब्द जर्मन असायचे. आईला पत्र वाचून दाखवायचं म्हणून बाईंनी ती भाषा शिकायला घेतली, आणि पुढे तीच त्यांची भाकरी झाली. दादा मात्र तिकडेच रमला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाईंनी त्याला पत्रं लिहिली. एकामागून एक, चौदा महिने. येतो, येतो, म्हणत तो आला, तो आईचं सगळं आटोपल्यावर दोन दिवसांनी. बॅग घेऊन दारात उभा असलेल्या भावाला बाई एवढंच म्हणाल्या, "कुत्र्यांनी रजा दिली वाटतं."

त्याने बॅग खाली ठेवलीच नाही. तसाच जिना उतरून गेला. त्याला अकरा वर्षं झाली. तो कायमचा परत आला आहे आणि चार तासांवरच्या एका गावात राहतो, हे मावसबहिणीकडून कळलं होतं. तिनेच दिलेला नंबर ड्रॉवरमध्ये पडून होता.

दोन दिवस बाईंनी त्या ड्रॉवरकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता फोन लावला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची करकरली. मग आवाज आला, "बोल, ठमे."

या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी कागदावर तीन वाक्यं लिहून ठेवली होती, पण ऐनवेळी तिन्ही फितूर झाली. त्या एकदम म्हणाल्या, "श्वाइस म्हणजे रक्त का रे?"

"जनावराच्या अंगात आहे तोवर रक्त. बाहेर सांडलं की घाम. का? तू काय लिहिलंस?"

"घाम."

दादा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि पाणी पिऊन येईपर्यंत बाई फोन कानाला लावून बसून राहिल्या.

मग रोज दुपारी तीनला फोन होऊ लागला. बाई शब्द वाचायच्या, दादा सांगायचा. हरणाचे डोळे म्हणजे दिवे. कुत्र्याचे कान म्हणजे पडदे, शेपूट म्हणजे छडी. मार खाल्लेला कुत्रा माणसाने नुसता हात उचलला तरी अंग चोरतो, त्यालाही एक शब्द आहे.

"आणि हा कबरखोद्या कोण?" एकदा बाईंनी विचारलं.

"सापडलेला ससा मालकाला आणून देण्याऐवजी गुपचूप पुरून ठेवतो, तो. परीक्षेत नापास. आमच्याकडे होता एक. चेहऱ्याने साधुपुरुष, आणि सगळी बाग सशांनी भरलेली."

बाई फसकन हसल्या. आपल्याच हसण्याचा आवाज त्यांना परका वाटला.

तब्येत कशी आहे, जेवतोस का, असलं काही दोघांनीही विचारलं नाही. पण फोनमधून घर ऐकू यायचं. खुर्ची करकरायची. म्हाताऱ्या कुत्रीची नखं फरशीवर टकटक वाजायची. तिसरा आवाज कधीच आला नाही. इकडे माझ्याकडे तर नखंही वाजत नाहीत, असं बाईंच्या मनात यायचं.

यादी संपत आली तेव्हा दोन शब्द जोडीने आले. मेलेलं हरीण सापडल्यावर कुत्रा काय करतो, त्याचे हे दोन प्रकार होते.

"एक जण माघारी येतो आणि मालकाला तिथे घेऊन जातो," दादा म्हणाला. "दुसरा जागचा हलत नाही. मेलेल्याजवळ बसून भुंकत राहतो, मालक येईपर्यंत. तास जाऊ दे, नाहीतर दोन तास. हे काम फार अवघड गं. रानात एकट्याने..." खुर्ची करकरली. "तुझी पत्रं मिळत होती मला. सगळी मिळाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"वाटायचं, ठमी आहे ना तिथे. तू होतीस म्हणून मला काळजीच नव्हती. तिथेच माझं चुकलं."

"चौदा महिने, दादा."

"हं."

"रात्री तिला कूस बदलायला दोन माणसं लागायची. मी एकटी होते."

"हं."

बाईंना वाटलं होतं की हे बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. दगड होता तिथेच होता, फक्त आता तो दोघांनाही दिसत होता. यादीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पुढचा शब्द सांगू?"

"सांग."

पुस्तक वेळेवर गेलं. मॅनेजरने ग्राहकाची शाबासकी कळवली आणि पाठोपाठ लिफ्टची नवी पुस्तिका पाठवली. दुपारचे तीन वाजले की बाईंचा हात फोनकडे जायचा आणि परत यायचा. फोन करायचा, पण कशासाठी? विचारायला काही उरलंच नव्हतं. दादानेही केला नाही. दोघं एकाच खाणीतले दगड. असे नऊ दिवस गेले. लिफ्टचा दरवाजा उघडण्याची आठ कारणं आणि न उघडण्याची सतरा, बाईंनी सगळी इंग्रजीत नेली, आणि या काळात त्या कुणाशी काय बोलल्या ते त्यांना आठवेना.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दात घासता घासता त्यांनी एक शब्द तयार केला. 'नंतर' आणि 'थांबणारा' हे दोन जर्मन शब्द एकमेकांना जोडून. व्याकरणात चोख, पण कुठल्याही पुस्तकात नसलेला. तीन वाजता फोन लावला.

"एक शब्द राहिलाय रे. नाखवार्टर."

पलीकडे कुत्रीची नखं थांबली.

"पुन्हा म्हण."

"नाखवार्टर. शेवटच्या पानावर आहे." बाईंचे कान तापले होते. चाळीस वर्षं कुत्र्यांत घालवलेल्या माणसाला आपण काय सांगतोय!

दादाने घसा खाकरला. "हां. जुना शब्द आहे. आता फारसं कुणी वापरत नाही. आमचा उस्ताद वापरायचा."

बाईंनी वही पुढे ओढली.

"म्हणजे असं बघ," तो सावकाश सांगू लागला, "शिकार संपते. सगळे गाड्यांकडे निघतात. शिट्टी होते, आणि तरी एखादा कुत्रा रानाच्या कडेला उभाच राहतो. हाका मारून तो यायचा नाही. आपणच चालत परत जायचं आणि त्याच्या शेजारी जरा वेळ उभं राहायचं."

"आणि ओरडलं तर?"

"ओरडलं की संपलं. मग तो दुसऱ्या दिवशीही येत नाही."

तो अर्धा तास सांगत होता. कोणत्या जातीत हा स्वभाव जास्त, ओलं गवत असेल तर काय करायचं, उस्तादाने एकदा कसं संध्याकाळपर्यंत उभं राहून एका कुत्र्याला परत आणलं. सगळं बेमालूम. बाई वहीत सगळं टिपून घेत होत्या, क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात.

"इंग्रजीत काय म्हणू याला?"

"विचार करावा लागेल. उद्या सांगतो. मीच करतो फोन."

"उद्या मला एजन्सीत बोलावलंय," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

"मग परवा."

"परवा चालेल."

फोन ठेवून बाई तशाच बसून राहिल्या. खाली कुणीतरी लोखंडी फाटक ओढून लावलं. परवा म्हणजे गुरुवार. मध्ये अख्खा बुधवार होता.