सुचिताचा अर्ज

महाविद्यालयाच्या व्हरांड्यात सकाळचं ऊन घाईनं येत नसे. आधी ते कंपाउंडपलीकडच्या तुरीच्या शेंड्यांवर थांबे, मग सायकलींच्या सीटांवरचं दव टिपत पुढे सरके, पायऱ्या एकेक करून चढे आणि शेवटी आमच्या टेबलावरच्या कोऱ्या अर्जांवर येऊन निजे. त्या महिन्यात मी ते रोज पाहिलं. समोरच्या माणसाकडे पाहण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

मतदार नोंदणीचं ते काम एका संस्थेनं माझ्या वर्गमैत्रिणीला, निशिगंधाला, आणि मला दिलं होतं. दिवसाला तीनशे रुपये मानधन. अट एकच, कोणत्याही पक्षाचं नाव तोंडून निघता कामा नये. निशिगंधा म्हणाली होती, की याच्या तोंडून तर स्वतःचंही नाव निघत नाही. ते खरंच होतं. पहिलं वाक्य बोलायला मला धाकट्या बहिणीनं, सुचितानं शिकवलं. उंद्रीच्या आमच्या घरी भाकऱ्या थापता थापता ती मतदार व्हायची आणि मी तिला पुन्हा पुन्हा विचारायचो, "तुमचं नाव यादीत आहे का?"

तीन आठवड्यांत दोनशे अर्ज भरले गेले. त्यांत मुलींचे थोडे. आमच्याकडे मुलीचं नाव लग्नानंतर सासरच्या गावी लावतात. माहेरी लावून पुन्हा काढायचं कशाला, असं घरोघरी म्हणत. निशिगंधा एकेकीची समजूत घालत असे. सुचिता याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला, अठरा पूर्ण झालेली. तिनं अर्जाचं दोनदा विचारलं. दोनदा मी सांगितलं, बाबा नको म्हणतात.

शेवटच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा ऊन टेबलावर पोचलं होतं. तिनं बाबांचं मतदार कार्ड त्या उन्हात ठेवलं आणि निशिगंधाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"दादा, बाबानं सकाळीच पेटीतून काढून देल्लं. आता तरी इचार मले."

तिनंच शिकवलेलं ते वाक्य मी, त्या महिन्यात प्रथमच, समोरच्या डोळ्यांत पाहून उच्चारलं.

"नाही ना साहेब," ती म्हणाली, "घ्या लिहून." आणि हसली.

अर्ज मी सावकाश, सुंदर अक्षरात भरला. त्या हसण्यात ठपका नव्हता, याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. बाबा नको म्हणालेच नव्हते. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.