मलिद्याच्या ताटाचं माप

"मुंबई लिही," ॲरन तिसऱ्यांदा म्हणाला. "चित्र तुझं, नाव तुझं. फक्त गाव मुंबई. काय बिघडतं?"

"मुंबईत काढलेलं नाही," रिबेका म्हणाली. "इथं दोह्यात काढलंय, अल मुंतझात, याच टेबलावर."

रिबेका वाकरुळकर एकदा अशी हटून बसली की तिला हलवणं ॲरनला लग्नाच्या एकोणीस वर्षांत जमलं नव्हतं. आज तरी कसं जमणार?

लंडनहून पत्र आलं होतं. आजच्या ज्यू कलेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि नमुना पाहून प्रदर्शनासाठी निवडलेल्या चित्रांत एक रिबेकाचं. मूळ चित्र मार्चअखेर पोचायला हवं. भिंतीवर आणि छापील पुस्तकात चित्रकाराचं नाव लागेल, गावही लागेल.

गावाचंच तर दुखणं होतं. सहा वर्षं दोघं दोह्यात होते आणि सहा वर्षं सगळे त्यांना वसईचे कॅथलिक समजत होते. रिबेका, ॲरन अशी नावं, वर घरात मराठी. मग दुसरं कोण असणार? खोटं दोघंही कधी बोलले नाहीत. कुणी 'हॅपी ईस्टर' म्हटलं की थँक्यू म्हणून मोकळे व्हायचे, बस. ॲरन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता आणि मेमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं; ज्यू असल्याचं कळलं तर ते पुढे वाढेल की नाही, कोण सांगणार? त्याची भीती अगदीच हवेतली नव्हती, हे रिबेकाला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिला जास्त राग येत होता.

चित्र म्हणजे खरं तर ड्रॉइंगच. रिबेका एका इंजिनिअरिंग कंपनीत दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्ह काढायची. तसल्याच पारदर्शक ड्रॉइंग-फिल्मवर, तसल्याच शाईच्या पेनाने तिने मलिद्याचं ताट काढलं होतं: वरून, बाजूने, मधोमध छेद घेऊन. भिजवलेल्या पोह्यांचा गोड ढीग, त्यात ओलं खोबरं, बदाम, वेलची. भोवती पाच फळं, वर गुलाब. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला माप. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरी नवस फेडताना, शुभकार्याआधी एलियाहू नबीच्या नावाने मांडतात ते हे ताट. खाली उजव्या कोपऱ्यात ऑफिसातल्यासारख्या तीन चौकटी होत्या: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. ठिकाण: दोहा.

पहिल्या चौकटीत तिची सही होती. बाकीच्या दोन सह्या लंडनवाल्यांनी मागितल्या नव्हत्या. हे वेड रिबेकाचं स्वतःचं. न तपासलेला कागद तिने आजवर टेबलावरून हलू दिला नव्हता, आणि आपल्या ताटाला तरी वेगळा नियम का?

म्हणून गुरुवारी ऑफिसात तिने ड्रॉइंग थेट डग्लसपुढे ठेवलं. डग्लस तिथला चेकर, खरोखरचा वसईकर. त्याच्या लाल पेन्सिलीला मॅनेजरसुद्धा टरकून असायचा.

"हे काय?"

"मलिदा. आमच्यात करतात. आम्ही ज्यू आहोत, डग्लस. वसईचे नाही, अलिबागकडचे."

डग्लसने तिच्याकडे पाहिलं, मग ड्रॉइंगकडे पाहिलं, आणि मग तो बराच वेळ ड्रॉइंगच पाहत राहिला.

"लाइनवर्क सुंदर आहे," तो म्हणाला. "पण साइटवर बघितल्याशिवाय मी सही करत नाय, तुला माहितीय. उद्या सुट्टी आहे. सकाळी दहाला येतो."

घरी हे ऐकून ॲरनचा चेहरा उतरला. "तू सांगून मोकळी झालीस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"मग मांड तुझी तू. मी आत बसेन."

शुक्रवारी रिबेकाने ताट मांडलं. डग्लस दहाच्या ठोक्याला आला, हातात चक्क टेप घेऊन. बेडरूमचं दार बंद होतं. त्याने काही विचारलं नाही. फळं मोजली, गुलाब पाहिला, ताटावर टेप आडवी धरली.

"ड्रॉइंगमध्ये सहाशे मिलिमीटर. हे चारशे वीस."

"ड्रॉइंगमधलं आमच्या आईकडचं ताट आहे. भोवती दहा पुरुष बसायचे," रिबेका म्हणाली. "इथं दोघंच. एवढं मोठं कुणासाठी करू?"

"मग ठिकाण अलिबाग लिही. दोहा लिहायचं तर दोह्याचं माप दे."

हे जवळजवळ ॲरनचंच म्हणणं, पण या खेपेला बरोबर होतं, आणि ते तिला फार लागलं. गाव खरवडायला दहा मिनिटंही लागली नसती. माप बदलायचं तर तिन्ही चित्रं नव्याने, आणि सूर्य मावळला की शब्बाथ, मग पेन धरायचं नाही. परीक्षकांनी मोठं ताट पाहून निवड केलेली. लहान पाहून परत पाठवलं तर? पाठवू देत. तिने ब्लेड घेतलं आणि शाई खरवडायला लागली.

तो खरखर आवाज ॲरनच्या ओळखीचा होता. दार उघडलं.

"काय खोडतेस?"

"माप."

"गाव नाही?"

"गाव नाही."

ॲरन तिथंच उभा राहिला. त्याने लहानशा ताटाकडे पाहिलं, टेप धरून अवघडलेल्या डग्लसकडे पाहिलं. मग आत जाऊन टोपी घालून आला, ताटासमोर बसला आणि प्रार्थना म्हणू लागला. सहा वर्षं कुजबुजत म्हटलेली. सुरुवातीला आवाज फुटेना. दुसऱ्या कडव्याला फुटला, आणि मग त्याने तो खाली आणला नाही. डग्लस आपणहून उठून उभा राहिला. रिबेकाला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मलिदा तिघांनी खाल्ला. डग्लस दोनदा मागून. चारच्या सुमाराला नवं ड्रॉइंग झालं. त्याने रेघ न् रेघ पाहिली, एका फळाचा नंबर चुकलेला दाखवला, आणि तो नीट झाल्यावर सही केली. रिबेका ड्रॉइंग गुंडाळायला लागली.

"थांब," ॲरन म्हणाला. त्याने पेन घेतलं आणि मंजुरीच्या चौकटीवर वाकला.

"नुसती आद्याक्षरं पुरतात तिथं," डग्लस म्हणाला.

"नाही पुरत," ॲरन म्हणाला, आणि बापाच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण नाव लिहू लागला.