डाव्या फुप्फुसातील गोळी आणि आठ मिनिटांचे गाणे

छातीच्या विकारांत अडतीस वर्षे घालवून सेवानिवृत्त झालेल्या डॉक्टरांचा या भूतलावर एकाच स्त्रीवर खरा राग होता. ही स्त्री दर रविवारी दुपारी तीन वाजता सुरू होणाऱ्या संगीत नाटकात पावणेसहाच्या सुमारास मरत असे. मरत असे, हे म्हणणेही डॉक्टरांना मान्य नव्हते.

"मरते कुठे? गाते!" असे ते म्हणत.

नाटकाचे कथानक येणेप्रमाणे होते. दीपगृहाच्या रखवालदाराची कन्या एका खलाशावर प्रेम करते. तिचा शीघ्रकोपी बंधू त्या खलाशावर बंदूक झाडतो, कन्या मध्ये धावते आणि गोळी तिच्या छातीत शिरते. तदनंतर ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आडवी होऊन, दूर जाणाऱ्या शिडाकडे पाहत, आठ मिनिटांचे एक गाणे म्हणते आणि मग प्राण सोडते. वन्स मोअर मिळाल्यास हीच प्राणज्योत सोळा मिनिटे तेवत असे. एकदा तर ती चोवीस मिनिटे तेवली, आणि पश्चात्तापदग्ध बंधूस गुडघे दुखू लागल्यामुळे भर रंगमंचावर मांडी घालून बसावे लागले.

ही कन्या बावीस वर्षांपूर्वी अठरा वर्षांची होती आणि आजही अठराचीच होती. ती भूमिका करणाऱ्या नटीला मंडळीत मोठ्या बाई म्हणत, आणि ते नाव सर्व बाजूंनी सार्थ होते.

डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना पेशंटांनी डॉक्टरीणबाई हे नाव दिले होते, हे नाटक दर रविवारी पाहत. तिसरी रांग, कडेची खुर्ची. परत आल्या की चहाचे आधण ठेवताना त्या तेच शिडाचे गाणे गुणगुणत, आणि डॉक्टर टेबलापाशी बसून शास्त्र सांगत.

"अगं, गोळी फुप्फुसात गेली की फुप्फुसातली हवा जाते. हवा गेल्यावर सूर येणार कुठून? पाठीतून?"

"अडतीस वर्षं ऐकतेय," डॉक्टरीणबाई साखर ढवळीत म्हणत, "तुमची हवा काही जात नाही."

असे हे दोघांचे रविवार चालले असता डॉक्टरांचा भाचा परगावाहून नाट्यशास्त्र शिकून परतला. जाताना त्याच्याजवळ एक बॅग होती; येताना एक दाढी आणि एक सिद्धांतही होता. नाटक मंडळीच्या वृद्ध मालकांनी त्या दाढीकडे पाहून दिग्दर्शन त्याच्या हवाली केले. तो थेट मामांकडे आला.

"मामा, मला रंगमंचावर सत्य हवंय. ही बाई शास्त्रानुसार कशी मरेल, ते तुम्ही सांगायचं."

वाचकहो, निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत डॉक्टरांना कोणी साधे पथ्यसुद्धा विचारले नव्हते. ज्यांच्या खोकल्याचा आवाज ऐकून ते पूर्वी निदान करीत, ती माणसे आता रस्त्यात भेटली की हवापाण्यावर बोलून पुढे जात. त्यामुळे भाच्याच्या या वाक्याने त्यांच्या अंतःकरणात जी खळबळ उडाली, तिचे वर्णन करण्यास लेखणी असमर्थ आहे. ते उठले आणि त्यांनी कपाटातून स्टेथोस्कोप काढला.

"मामींना विचारलंत का?" भाचा हळूच म्हणाला.

"तिला काय विचारायचं? तीच तर रोगी आहे!"

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. "बरं. करा तुमचं सत्य. पण लोक उठून जातील."

"लोक मुकाट्यानं बघतील आणि शहाणे होऊन घरी जातील. लाव पैज! लोक मुकाट्यानं घरी गेले, तर तू रविवारचं हे वेड कायमचं सोडायचंस."

"आणि नाही गेले तर?"

"तर मी दर रविवारी तुझ्या शेजारी येऊन बसेन."

"बसाल हो. तोंडाचं काय?"

"एक शब्द काढणार नाही."

"आणि काढलात तर?"

"तर मला घरी ठेवून जा!"

"लिहून द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर हे सर्व लिहून खाली सही ठोकली, भाच्याने साक्ष घातली, आणि बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्याच दिवशी तालमीच्या खोलीत डॉक्टरांनी मोठ्या बाईंची छाती तपासली. एवढी निकोप फुप्फुसे त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. त्यांना थोडे वाईटच वाटले.

"गोळी उजवीकडून येते," ते म्हणाले, "आणि तुम्ही हात डावीकडे ठेवता."

"अगंबाई! बावीस वर्षं?" मोठ्या बाई हबकल्या. "आणि कोणी बोललं नाही?"

"मी बोलत होतो. घरी."

मग त्यांनी मरण समजावून दिले. श्वास उथळ, ओठांवर निळसर रंग, नजर स्थिर, बोटे सैल. एकूण चाळीस सेकंद. पडदा पडल्यावरही कोणी सांगेपर्यंत हलायचे नाही.

"आणि गाणं?"

"गाणं नाही."

"मग मी करू काय?"

"मरायचं."

"नुसतंच?" मोठ्या बाईंनी निरागसपणे विचारले.

कोपऱ्यात ऑर्गनवाले काका बसले होते. त्यांचे पाय ऑर्गनच्या भात्यावर आणि डोळे मोठ्या बाईंच्या हातावर, अशी त्यांची बावीस वर्षांची बैठक होती. त्यांनी चष्मा पुसला. "दिग्दर्शकसाहेब, शेवटच्या अंकात मी काय वाजवू?"

"शांतता," भाचा गंभीरपणे म्हणाला.

"कुठल्या पट्टीत?"

रविवार उजाडला. हस्तपत्रिकेवर सर्वांत तळाशी, पण ठळक टाइपात, "मृत्यूविषयक मार्गदर्शन" या शब्दांपुढे डॉक्टरांचे नाव छापले होते. त्यांनी आठ पत्रिका खिशात घातल्या आणि पत्नीशेजारी तिसऱ्या रांगेत आसन ग्रहण केले. थिएटर भरले होते. तीच माणसे, त्याच खुर्च्या. पहिल्या रांगेतील निवृत्त पोस्टमास्तर गाण्याच्या वेळी लागणारा रुमाल मांडीवर उलगडून तयार होते.

पावणेसहाला बंदूक उडाली. मोठ्या बाई कोसळल्या, हात उजवीकडे गेला, श्वास उथळ झाला, ओठ निळे पडले. डॉक्टरांचे डोळे मनगटी घड्याळावर होते. एकेचाळिसाव्या सेकंदाला बोटे सैल पडली. एवढा अचूक मृत्यू त्यांनी इस्पितळातही क्वचितच पाहिला असेल. पडदा पडला.

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी उठलेही नाही. सभागृह चिडीचूप झाले.

"बघ," डॉक्टरांनी पत्नीला कोपर मारले. "मुकाट्यानं बसलेत."

तेवढ्यात पहिल्या रांगेत पोस्टमास्तर रुमाल हातात धरून उभे राहिले.

"बाईंना काय झालं हो?"

"होय की! गाण्याआधीच पडल्या!" मागून कोणी ओरडले.

"चक्कर आली असेल."

"चक्कर कसली? ओठ बघितलेत का? काळेनिळे!"

"अहो, गेल्या वाटतं!"

बावीस वर्षांत ही बाई गाण्यापूर्वी कधी मेली नव्हती. अतएव ज्या अर्थी ती न गाताच पडली, त्या अर्थी नाटकातील कन्या जिवंत असून प्रत्यक्षातील मोठ्या बाईच गतप्राण झाल्या, असा सरळ आणि बिनतोड निष्कर्ष सातशे माणसांनी एकदम काढला. भाचा घाईघाईने पडद्यापुढे आला आणि दोन्ही हात उंचावून म्हणाला, "प्रेक्षकहो, शांत व्हा! तुम्ही पाहिलंत ते वास्तव आहे!"

"वास्तव आहे म्हणतोय!" पोस्टमास्तरांनी हंबरडा फोडला. "म्हणजे गेल्याच की हो!"

बाल्कनीत बायका रडू लागल्या. पुरुषांनी पडदा वर घ्या, पडदा वर घ्या असा एकच गलका केला. आणि त्या गलक्यातून एक खणखणीत प्रश्न आला, "सभागृहात कोणी डॉक्टर आहे का?"

"अहो, उठा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हालाच बोलावतायत."

डॉक्टर रंगमंचावर चढले तेव्हा पडदा वर गेला होता आणि मोठ्या बाई, कोणी सांगेपर्यंत हलायचे नाही ही आज्ञा शिरसावंद्य मानून, तिसऱ्या पायरीवर तशाच निश्चल होत्या. डॉक्टरांनी गुडघे टेकले, मनगट हाती घेतले आणि घड्याळ पाहिले. सभागृहाने श्वास रोखला. एवढ्या माणसांनी त्यांच्या निदानाची एवढ्या आतुरतेने वाट यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

"नाडी बहात्तर," ते मोठ्याने म्हणाले. "फुप्फुसं निर्दोष. बाई ठणठणीत आहेत."

एक मोठा सुस्कारा बाल्कनीपर्यंत गेला. मग पोस्टमास्तरांनी रुमालाने नाक पुसले आणि विचारले, "ठणठणीत आहेत, तर गात का नाहीत?"

"कारण त्यांच्या फुप्फुसात गोळी—"

"आत्ताच म्हणालात फुप्फुसं निर्दोष!"

"अहो, ती निर्दोष आहेत, पण नाटकात—"

"एक काहीतरी सांगा ना डॉक्टर!"

अडतीस वर्षांच्या विद्येने डॉक्टरांना ऐन वेळी दगा दिला. तेव्हा पायरीवरील मृत कन्येने एक डोळा उघडून दबक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, चाळीस सेकंद कधीच झाले हो. आता उठू का मरू?"

ऑर्गनवाल्या काकांनी उत्तराची वाट पाहिली नाही. तो डोळा उघडताना त्यांनी पाहिला होता आणि त्यांचे पाय आपोआप भात्यावर पडले होते. पहिला सूर येताच सातशे माणसे खुर्च्यांत पुन्हा नीट बसली, मोठ्या बाईंनी सवयीने डावी बाजू धरली आणि गाणे सुरू झाले. त्यांचा दुसरा हात डॉक्टरांच्या हाताला चिकटला तो सुटेना. दोन वन्स मोअर मिळाले. चोवीस मिनिटे डॉक्टर गुडघ्यांवर होते. शेजारी शीघ्रकोपी बंधू केव्हाच मांडी घालून बसला होता. "बसा हो डॉक्टर," तो पुटपुटला, "अजून एक कडवं आहे."

तेवढा वेळ डॉक्टरांना प्रेक्षकांखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्या रांगेत त्यांची पत्नी बसली होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि ती ते पुशीत नव्हती. अडतीस वर्षे दवाखाना सांभाळताना ती कधी रडली नव्हती. सुया उकळाव्यात, चिठ्ठ्या फाडाव्यात, नातेवाइकांना बाकावर बसवून पाणी द्यावे. पण डोळा कोरडा. डॉक्टर तिकडे पाहत राहिले, आणि हातातील नाडी मोजायचे विसरले.

दोघे घरी आली. चहा ओतताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न गाता मेलेली माणसं मी तुमच्या दवाखान्यात फुकट पाहिली. निम्म्यांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. एकजण 'माझ्या पोरीला सांगा' म्हणाला आणि गेला. काय सांगू? मी अजून त्या पोरीला तोंड चुकवते. इथे एक बाई दर रविवारी सगळं बोलून मरते. त्यातही तुमचं सत्य घुसवायचंय?"

डॉक्टरांनी कपातील चहाकडे पाहिले. "गोळी उजवीकडून येते, एवढंच माझं म्हणणं होतं," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

भाच्याने पुढच्या रविवारी गाणे पुन्हा नाटकात घातले आणि दाढी काढली. डॉक्टरांनी पैज पाळली. ते दर रविवारी पत्नीशेजारी ओठ घट्ट मिटून बसत. बंदूक उडाली की प्रारंभी ते घड्याळाकडे पाहत. पुढे पुढे घड्याळ घरीच राहू लागले.

बाराव्या रविवारी त्यांच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर एक नवखे गृहस्थ आले. गाणे ऐन रंगात आले असता ते डॉक्टरांच्या कानाशी लागले. "मी पशुवैद्य आहे. खरं सांगतो, फुप्फुसात गोळी गेली तर घोडासुद्धा खिंकाळणार नाही. आणि ही बाई चक्क—"

"गप्प बसा हो!" डॉक्टर कडाडले. "बाई मरतायत, दिसत नाही?"

पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिले. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, पर्स उघडली आणि घडी केलेला प्रिस्क्रिप्शनचा कागद नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"पुढच्या रविवारी तुम्ही घरी."

"अगं, पण मी त्याला गप्प करत होतो!"

"सही तुमचीच आहे."

"एक वेळ माफ कर. शेवटच्या कडव्यात ती श्वास कुठून घेते, ते मला अजून कळलेलं नाही."

"श्श," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाई एकट्याच गेल्या. तिसऱ्या रांगेतील त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पावणेसहाला बंदूक उडाली, गोळी उजवीकडून आली, मोठ्या बाईंनी डावी बाजू धरली, आणि आठ मिनिटांनंतर बाल्कनीच्या अगदी शेवटच्या रांगेतून, जिथे स्वस्त तिकीट काढून कोट कानापर्यंत ओढलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते, पहिला वन्स मोअर आला. तो इतक्या जोराने आला की सरतेशेवटी त्या गृहस्थांना खोकला लागला.

तिसऱ्या रांगेतील बाईंनी मान वळवली नाही. पूर्वी दवाखान्याच्या बाकावर गोंगाट करणाऱ्यांना त्या जशी खूण करीत, तसा फक्त एक हात खांद्यावरून मागे उचलून त्यांनी गप्प बसण्याची खूण केली. वरच्या गृहस्थांनी ती पाहिली, आणि ते निमूटपणे पुन्हा ऐकू लागले.