पेत्रोनीलाची शिट्टी

"इथं सहीची फुली मार," मालक फेर्मिन म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "कारकुनानं सगळं लिहिलंय. तुला डोकं चालवायचं कारण नाही."

टेबलावर 'पेत्रोनीला'ची पितळी शिट्टी ठेवली होती, घासूनपुसून लखलखीत. बोट बुडून नऊ दिवस झाले होते. मालकांनी पाणबुडे उतरवले ते या शिट्टीसाठी. कांदेलारिओ अजून खालीच होता, बॉयलरपाशी.

"वाचून दाखवा," मी म्हणालो.

कारकून नाकात वाचू लागला. भट्टीवाला कांदेलारिओ ओयार्सो दारू पिऊन झोपला, त्यामुळे वाफ पडली आणि बोट खडकावर गेली.

दारू! कांदेलारिओ माझ्या थोरल्या लेकीचा धर्मपिता. बारा वर्षं आम्ही दोघांनी एकाच भट्टीत कोळसा टाकला. अंकूद ते कास्त्रो, माणसं, मेंढ्या, बटाट्याची पोती, एकदा तर चर्चची अख्खी घंटा त्या वाफेवर चाकं फिरणाऱ्या बोटीनं वाहिली. घेत नव्हता असं नाही, पण जमिनीवर.

बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी. आत मीठ धरू नये म्हणून दर खेपेला आम्ही त्यात टोपलीभर बटाटे टाकायचो. मालकांनी ते बंद केलं. "माझे बटाटे माणसांनी खायचे की बॉयलरनं?" झालं. आत बोटभर थर बसला. कितीही कोळसा घाला, वाफ धरेना.

आणि वर ती वाफ खाणारी शिट्टी! बोटीला मालकांच्या आईचं नाव. म्हातारीचं घर टोकावर, खिडकी समुद्राकडे. प्रत्येक खेपेला घराखालून, अगदी खडकांना खेटून जायचं आणि तीन लांब शिट्ट्या द्यायच्या, असा हुकूमच होता. त्या दिवशी ओहोटीची ओढ जबर होती. कांदेलारिओ शिडीखालून ओरडला, "कप्तान, एकच द्या! वाफ नाहीये!"

"म्हातारी मोजते रे बाबा," वरून उत्तर आलं.

तिसरी शिट्टी संपली आणि चाकं थांबली. ओहोटीनं आम्हाला खडकावर नेऊन घातलं. पाणी आत शिरलं तसं कांदेलारिओनं मला शिडीवर ढकललं. तापल्या बॉयलरवर गार पाणी येऊन तो फुटला असता तर डेकवरच्या उतारू बायका भाजल्या असत्या, म्हणून तो विस्तव ओढून काढायला मागे राहिला. बायका सगळ्या वाचल्या.

"नव्या बोटीवर तुला मुकादम करतो," मालक म्हणाले. "मेलेल्याला काय फरक पडतो?"

"पाणबुड्यांना शिट्टी सापडली ना? मग कांदेलारिओलाही वर काढा. त्यालाच मारू दे फुली."

"चालता हो! तुझ्यावाचून काही अडत नाही."

खरंच अडलं नाही. कारकुनानं माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच फुली मारली, वर वाळू टाकून ती वाळवलीसुद्धा. थू तुमच्या तोंडावर! मी जन्मभर राख उपसली, पण इतकी घाण कधी पाहिली नव्हती.

बाहेर कांदेलारिओची बायको रोसाल्बा उभी होती. त्याचा धुतलेला सदरा घेऊन ती रोज धक्क्यावर जायची. सापडला तर अंगावर घालायला हवा ना.

"काय विचारलं, भावोजी?"

"काही नाही, वहिनी. कसा माणूस होता, ते विचारलं."

"मग सांगितलंत ना नीट?"

"सांगितलं."

पाऊस भुरभुरायला लागला होता. सदरा भिजू नये म्हणून तिनं तो शालीखाली धरला आणि आम्ही धक्क्याकडे निघालो.