ठिणगी पडेना

लेकीचा फोन सकाळीच आला. "आई, मी बॅग घेऊन स्टॉपवर बसलेय. आता त्या घरात परत जाणार नाही. न्यायला या."

तिच्याकडे जाणारी बस संध्याकाळची. दारात जुनी गाडी होती, पण बरेच दिवस ताडपत्रीखाली पडून. मास्तरांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. डोळे गेल्यापासून ते शेजारच्या सीटवर बसत आणि चालवायची बायको.

तिने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं.

"स्टार्टर झकास फिरतोय, बॅटरी ठीक आहे," मास्तर कान देऊन म्हणाले. "पेट्रोलचा वास येतोय?"

"नाकाला झोंबतोय."

"मग ठिणगी पडत नसणार. बॉनेट उघड."

ते सांगत गेले तसा तिने एक प्लग काढला, वायरीत खोचून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. मास्तर चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर गेले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

"पडली?"

"काळोख आहे नुसता."

"माझ्यासारखाच." तिला हसू आलं नाही.

"आता वायरी निघतात ते टोपण काढ. आत ओल धरली असेल."

खरंच धरली होती. तिने टोपण कोरडं केलं, आतले काळवंडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले. या खेपेला प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली. तिने घाईघाईने सगळं जोडलं. तरी गाडी ढिम्म.

"अहो, आता काय?"

"किल्ली मारून मारून आपणच तिला पेट्रोल पाजलंय. सगळे प्लग काढ, सुकू दे."

"तिकडे पोरगी ताटकळलीय हो."

"ओले बसवलेस तर पुन्हा तेच."

ती प्लग फडक्याने पुसत, फुंकर घालत बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, राहू दे. हे आलेत न्यायला."

"त्याच्या गाडीत बसू नकोस. आम्ही निघालोच."

"बसलेय," लेक म्हणाली. तिच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

प्लग बसवल्यावर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तो आवाज ऐकून मास्तरांनी मान खाली घातली.

"चला," ती म्हणाली.

ते पोचले तेव्हा जावई फाटकातच आडवा आला. "झोपलीय ती. तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात."

"उठव. आईबाप आलेत म्हणावं," मास्तर म्हणाले.

"नंतर फोन करायला सांगतो."

वरच्या खिडकीत लेक उभी होती, टक्क जागी. गाल सुजलेला. तिने आईकडे बघून हाताने खूण केली, जा. मग पडदा ओढून घेतला.

परत निघाल्यावर मास्तरांनी विचारलं, "खरंच झोपली होती का गं?"

"हो," ती म्हणाली.

"झोपू दे. उद्या परत येऊ."

तिला पुढचा रस्ता धूसर दिसू लागला. तिने गाडी कडेला घेतली. मास्तरांनी चाचपडत हात पुढे केला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.